दूधकट्ट्यावरचे दादाचे हात

अंगावरचा रोग डोक्यात चढतो का? कातडीच्या डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "डोक्याच्या डॉक्टरला विचार." डोक्याचा म्हणाला, "ते कातडीवाल्याला विचार की!" दादा गेला, तरी अजून कुणी सांगितलेलं नाही. कट्ट्यावर बसलं की मात्र जो तो दादाचा किस्सा काढतो. ऐकून ऐकून थकलो, पण उठवत नाही.

*

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. संध्याकाळी म्हैस कट्ट्यावर उभी करायची आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून द्यायची, हा आमचा धंदा. दादाच्या हातांवर सोरायसिसचे पांढरे पापुद्रे. ते बघून पुण्याचा एक जण मागं सरला.

"पावणं, लागणीचा रोग न्हाय ह्यो! इतकी वर्सं म्हशीला लागला न्हाय, तुमास्नी एका पेल्यात लागतोय व्हय?"

तो दोन पेले पिऊन गेला!

*

दोन हजार सालाच्या पुढं दादा विसरायला लागला. धार काढून झालेल्या म्हशीखाली पुन्हा जाऊन बसला. शेजारी म्हैस बांधणारा बापू ओरडला, "दादा, आता काय चहा काढतोस काय तिच्यातनं?"

सगळा कट्टा हसला. दादाही हसला. उठला, आणि पुन्हा बसला.

*

एकदा तर तो बापूच्याच म्हशीखाली बसला. ती लाथाडी, बापूशिवाय कुणाला हात लावू देत नसे. बापू शिव्या देत धावत आला. बघतो तर दुधाची चरवी काठोकाठ!

"डोस्कं गेलं," बापू म्हणाला, "पर हात हायत गड्याचं!"

*

मग मलाही दादा पावणं म्हणायला लागला. मी घास भरवायचो, तो विचारायचा, "पावणं, कुठलं?"

एकदा वैतागून म्हटलं, "कुरुंदवाडचा!"

"आमचा धाकटा दिसला तर लावून द्या घरला. लई तापट हाय, पर माझं ऐकतंय."

"सांगतो," म्हणालो.

*

दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्याचे डोळे मिटलेले आणि मुठी हवेत वळत होत्या. नर्स म्हणाली, "सारखं खाजवतात. हात बांधावे लागतील."

"खाजवत न्हाय बाई," मी म्हणालो. "धार काढतोय त्यो."

मी माझे दोन्ही अंगठे त्याच्या मुठीत दिले. तो ओढत राहिला. अंगठे ठणकायला लागले, तरी तसाच बसलो. मग तो थांबला.

"भरली. उचल."

मी चरवी धरल्यासारखे हात केले, उचलली आणि सांडू न देता दाराबाहेर नेऊन ठेवली.