खस, हिना आणि आमचे हे

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात ऋतू बदलला की आधी न्हाणीघराला कळतं. उन्हाळ्यात दाढीच्या साबणाला खसचा, म्हणजे ओल्या वाळ्याचा, गारवा असतो. थंडी उतरू लागली की हिन्याचा उबदार, किंचित कडवट दरवळ. पत्थरगट्टीतले अत्तरवाले चाचा गिऱ्हाइकाच्या पसंतीचं अत्तर साबणात घोटून पत्र्याच्या डबीत भरून देतात, आणि आमचे हे त्या डबीशिवाय गालाला ब्रश लावत नाहीत. नवऱ्याची आवड म्हणून मी ती वर्षानुवर्षं जपली, पण यंदा तिने माझा अंत पाहिला.

परदेशी मालाला बाजार नुकताच खुला झालेला. आबिड्सच्या दुकानांत दाढीच्या तयार फेसाचे डबे दिमाखात मांडलेले, आणि कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलेला आमचा सुहास हौसेने एकेक घरी आणणार. कधी लिंबाचा, कधी कसल्याशा थंड पानांचा. हे बोटावर घेऊन हुंगायचे आणि बाजूला सारायचे, "याला वासच नाही." पोरगा हिरमुसायचा. नव्याचं वावडं, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं. पण मग चाचांच्या डबीलाही नाक मुरडणं सुरू झालं. हिना फिका आहे, चाचांचा हात बिघडला, बदलून आण! भर दुपारी रिक्षा करून मी त्या गर्दीत जायची आणि चाचा डबी उघडून कळवळून म्हणायचे, "अम्मा, तुमीच सूंघ के देखो. इससे तेज डाले तो गाल जलते." त्यांचं खरंच होतं. मी नाक मुठीत धरून परत यायची.

पौषातल्या एका सकाळी घाईघाईत माझ्या हातून हिन्याऐवजी उन्हाळ्यातली उरलेली खसची डबी ठेवली गेली. फेस उठला आणि सगळं न्हाणीघर वाळ्याने भरून गेलं. आता खैर नाही, म्हणून मी पदर खोचून दारात उभी राहिले. हे प्रसन्नपणे म्हणाले, "वा! आज कुठे हिना जमलाय."

मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात ह्यांनी ब्रश नाकाशी नेला, डोळे मिटले आणि पुन्हा पुन्हा श्वास ओढत राहिले. मागच्या महिन्यात दूध करपून घरभर वास कोंडला, तेव्हा हे शेगडीशेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि मी केवढी भांडले होते! म्हणजे तेव्हाही ह्यांना वास आलाच नव्हता. खरं सांगते, मला संतापच आला. साधा चष्मा लागला तर गाव गोळा करणारा हा माणूस, नाक गेलं हे बायकोला सांगत नाही?

मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. फक्त आता रोज गरम पाण्याचा तांब्या ठेवताना मी मोठ्याने म्हणते, "अहो, आज हिना आहे बरं का. आधी जरा मातकट येतो, मागून केशरासारखा गोड." हे ब्रश थांबवून नीट ऐकून घेतात, आरशातून माझ्याकडे न बघता मान हलवतात आणि म्हणतात, "केशर जरा जास्तच झालंय. चाचांना सांग."