बारा भागांची श्रद्धांजली

वरवंड आणि आसपासच्या दहा-बारा गावांत माणूस गेला की तीन निरोप हमखास जायचे. एक भटजींना, एक मांडववाल्याला आणि एक रखमाजी आप्पांना. दशक्रियेच्या सकाळी घाटावर रखमाजींनी माईक हातात घेतला, की बायका पदर डोळ्यांच्या जवळ आणून तयारीत बसत. तीस वर्षांत चारशेच्या वर माणसं त्यांनी शब्दांनी पोचवली होती. गेलेला माणूस हयातीत कितीही भांडकुदळ असो, आप्पांच्या तोंडी तो 'स्पष्टवक्ता' व्हायचा. दिवसभर पारावर पत्ते कुटणारा व्हायचा 'लोकसंग्राहक', आणि घरात-दारात कुणाशी न बोलणारा 'चिंतनशील'.

हे सगळं चालायचं एका कागदावर, आणि तो कागद आणायच्या त्यांच्या बायको, तुळजाबाई. तिसऱ्या दिवशी त्या मयताच्या घरी जाऊन बायकांत बसायच्या, ऐकायच्या, आणि घरी आल्या की वहीचं पान फाडून लिहायच्या. पूर्ण नाव, वय, लेकरं किती, जावई कुठं नोकरीला, शेवटचं काय मागून खाल्लं. कागद हातात देताना त्यांचं वाक्य ठरलेलं असे.

"घ्या. माणूस मेल्याबिगर तुमच्या तोंडातनं चांगला शब्द काय निघायचा न्हाई."

रखमाजींना ते कधी ऐकू येत नसे. त्यांचं लक्ष जावयाच्या हुद्द्यावर असे.

यंदाच्या एप्रिलात मात्र घात झाला. एका दशक्रियेला नऊ वक्ते उभे राहिले. कावळा आला, पिंडाला शिवला, गेला, पुन्हा येऊन फांदीवर बसला, तरी रखमाजींचे 'दोनच शब्द' चालू होते. उन्हानं दोन म्हातारे आडवे झाले. पुढच्या ग्रामसभेत ठराव आला: दशक्रियेला भाषणं बंद, फक्त दोन मिनिटं स्तब्धता. सगळ्यांनी हात वर केले. रखमाजींनीही केला, सवयीनं. काय मंजूर झालं ते त्यांना घरी येऊन चहा पिताना कळलं.

तेव्हापासून ते गप्प झाले. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. एका सकाळी गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून "आज आपल्यात" एवढंच म्हणाले, म्हशीनं वळून बघितलं, आणि ते बाहेर आले. तुळजाबाईंनी त्याच दिवशी दौंडला फोन लावला.

"सायले, तुझा मामा वाळत चाललाय बघ. कायतरी कर."

सायली ही रखमाजींची भाची. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आईवडलांपाशी राहणारी, आणि जपानी ॲनिमे मालिकांवर मराठीतून बोलणारं एक चॅनल दोन वर्षं चालवणारी. त्या चॅनलला एकशे बारा माणसं होती, त्यातली निम्मी कॉलनीतली. रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन हजर झाली.

"मामा, एक मालिका आहे. बारा भागांची. दर भागात एक नवीन माणूस, त्याला कसलीतरी अचाट शक्ती मिळते, आणि भाग संपेपर्यंत तो मरतो."

रखमाजींनी मान वर केली. "दर भागाला एक?"

"बारावा अजून यायचाय, पण एक तर नक्कीच."

"मग दहाव्याला कोण बोलतं?"

"कुणी नाही. पुढच्या भागात त्याचं नावसुद्धा निघत नाही."

हे रखमाजींच्या जिव्हारी लागलं. माणूस मरतो ते एक वेळ ठीक, पण त्याच्या मागं कुणी दोन शब्द बोलत नाही?

"लाव," ते म्हणाले.

पहिल्या भागात तनाका नावाचा कारकून होता. त्याला अकरा सेकंद वेळ थांबवता यायची. त्या अकरा सेकंदांत त्यानं आधी साहेबाच्या चहात मीठ टाकलं, मग बँक लुटली, आणि शेवटी स्वतःच कुणाच्यातरी गाडीखाली आला. सायली खालची अक्षरं वाचून मराठीत सांगत होती. भाग संपला तसे रखमाजी खाकरले.

"वय काय म्हणायचं?"

"एकोणतीस."

"लेकरं?"

"लग्नच नाही झालं, मामा."

"मंग जावई न्हाई." हे त्यांना फार खटकलं. "जमीन?"

"टोकियोत राहतो तो."

"गुंठाभर तरी असंल कुठं."

दारात बसून लसूण सोलणाऱ्या तुळजाबाई म्हणाल्या, "कपाटावर आईचा फोटू होता. आन् डबा एकटाच खात हुता, जिन्यात बसून. लिवा ते."

त्यांनी हात पुसले आणि वहीचं पान फाडलं.

रखमाजींनी टोपी झटकून घातली. सायलीनं मोबाईल उभा केला.

"आज आपल्यात कैलासवासी तनाकासाहेब नाहीत," आठ दिवस कोंडलेला आवाज सुटला. "बँकेशी त्यांचे जवळचे संबंध होते. वेळेचं महत्त्व त्यांच्याइतकं कुणाला कळलं नाही. पण मंडळी, एक विचारतो. अकरा सेकंद वेळ थांबवणारा माणूस जिन्यात एकटा डबा खात होता. कचेरीत चाळीस माणसं. एकानंही म्हटलं न्हाई की या, भाजी घ्या. गाडीखाली न्हाई मेला तो. आधीच मेला हुता."

सायलीनं मोबाईल खाली केला. एवढं नेमकं तिला दोन वर्षांत सांगता आलं नव्हतं.

चौथ्या भागापर्यंत चॅनलवर नऊ हजार माणसं झाली. भिंतीतून आरपार जाणारा चोर 'सर्वत्र वावर असलेला' ठरला. रागावली की पेट घेणारी मास्तरीण 'तापट, पण मनानं निर्मळ'. सातव्या भागाला मात्र रखमाजी फुगून बसले.

"ह्या पोरीला मारायची काय गरज न्हवती. लिहिणाराला जेवायला जायचं असंल, म्हणून उरकली तिला. नोंद घ्यावी."

नागपूरहून कुणी लिहिलं, 'आप्पा, रडलो.' साताऱ्याहून कुणी विचारलं, 'आप्पा, आगाऊ नाव नोंदवता येईल का?' रखमाजींना चार घास जास्त जाऊ लागले. गावात ते पुन्हा ताठ मानेनं फिरू लागले, आणि माणूस भेटला की सवयीनं त्याची तब्येत विचारू लागले. दर भागाचा कागद तुळजाबाईच देत होत्या. चष्म्याच्या काचा पुसून बघायच्या, आणि मरणाऱ्याच्या चपला झिजल्या होत्या की नव्हत्या, तेवढं त्यांना दिसायचं.

मग आला बारावा भाग. त्यात किमुरा नावाची बाई. दुसऱ्याचं दुखणं तिला स्वतःवर घेता यायचं. शेजाऱ्याचा गुडघा, बहिणीची छाती, मागच्या अकरा भागांतल्या मेलेल्यांच्या घरच्यांचा शोक, सगळं ती घेत गेली. रखमाजी टोपी घालून तयारच बसले होते. शेवटी त्या बाईनं भात खाल्ला, वाटी धुतली, पालथी घातली, दिवा मालवला. आणि मालिका संपली.

"मेली कवा?" रखमाजींनी विचारलं.

"नाही मेली."

"शेवटाला पण न्हाई?"

"नाही, मामा. चला, चालू करते."

"आज आपल्यात किमुराबाई—" रखमाजी थांबले. "हायेत."

पुढं शब्द येईना. ठरावातली दोन मिनिटं इथंच पुरी झाली.

"बोला की, मामा. लोक वाट बघतायत."

"काय बोलू? हाय की ती बाई. जित्या माणसावर कवा बोललोय मी?" त्यांनी दाराकडं बघितलं. "अगं, कागद?"

"जितीचा कसला कागद," तुळजाबाई म्हणाल्या. "कुणापाशी जाऊन बसू?"

रखमाजी त्यांच्याकडं बघत राहिले. चारशे घरं. चारशे घरांत जाऊन ही बाई रडणाऱ्यांत बसली होती, ऐकून आली होती, आणि घरी येऊन भाकरी टाकल्या होत्या. त्यांनी टोपी सारखी केली आणि मोबाईलकडं तोंड वळवलं.

"मंडळी, अशी एक बाई आमच्या घरात हाय. मी तीस वर्षं बोललो, लोक म्हणले आप्पा काय बोलले. पण दुखणं ऐकून आणायची ती. मी नुस्तं वाचायचो. तिला कुणी विचारलं न्हाई, मीसुदीक न्हाई, की एवढ्या घरचं ऐकून तुला झोप लागती का. कैलासवासी तुळजाबाई यांनी—"

"अवो," दारातून आवाज आला, "मी हाय अजून."

"ठावं हाय गं. तोंडाला वळण पडलंय." रखमाजींनी कपाळावरचा घाम पुसला. "सायले, पुन्हा घे. पहिल्यापासनं."

तुळजाबाईंनी लसणाची परडी बाजूला सारली, डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "आन् घेताच हाय तर जावयाचं सांगा."

"सांगतो की. आपले जावई बँकेत—" रखमाजी अडखळले. "कुठल्या शाखेला हाय गं तो?"

तुळजाबाई उठल्या. आतून वहीचं पान फाडल्याचा आवाज आला.