परत मागितलेलं वाण

फेकून दिलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. दिग्रसच्या आमच्या घराच्या गच्चीवर मोडक्या कूलरचा सांगाडा आहे, त्यावर मी कारल्याचा वेल चढवलाय. पंख्याच्या जाळीत मनीप्लांट लोंबतो, टायरमध्ये सदाफुली फुलते, आणि जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर फरशी टाकून केलेल्या टेबलावर मी सकाळचा चहा घेते. आमच्या ह्यांचं यावर एकच म्हणणं असतं, "पाहुणे बाहेरूनच इचारतात, भंगाराचं दुकान हेच काय म्हून." हे शेतकरी माणूस. कापूस आणि तूर सोडून दुसऱ्या कशाचं कौतुक करणं त्यांना जमत नाही, आणि मीही ते मनावर घेत नाही.

मागच्या संक्रांतीला मात्र या हौसेनं मला चांगलंच तोंडघशी पाडलं. नुसतं हसं झालं असतं तर मीही चारचौघींत सांगून हसले असते. पण त्यातला एक दिवस हसण्यासारखा नव्हता.

हळदीकुंकवाला दरवर्षी तेच वाण असतं. प्लास्टिकचा डबा, चहाची गाळणी, नाहीतर साबणाची वडी ठेवायची ती डबी. माझ्याकडच्या गाळण्या मोजल्या तर चहाचं दुकान निघेल. म्हणून ठरवलं, यंदा आपल्या हातची वस्तू द्यायची. पाच लिटरच्या रिकाम्या कॅना तापवलेल्या सुरीनं अर्ध्यावर कापायच्या, तळाला भोकं पाडायची, वरून रंगवायच्या आणि आत सांभार पेरायचा. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, आणि हिवाळ्यात सांभारवडी झाली नाही असं घर आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. बायका खूश होतील याची मला खात्री होती.

पंधरा कॅना हव्या होत्या. भंगाराच्या दुकानातले चाचा माझे जुने आश्रयदाते. त्यांनी हॉटेलातून आलेल्या तेलाच्या बारा कॅना पुसून वेगळ्या काढून ठेवल्या. तीन कमी पडल्या म्हणून मी दोन दिवस घरात भुणभुण लावली, तर तिसऱ्या दिवशी ह्यांनी तीन कॅना आणून अंगणात टाकल्या. कुठून आणल्या, मी विचारलं नाही. ह्यांनी आपण होऊन माझ्या भंगारात भर घातली याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलले.

कॅनांवरची लेबलं घट्ट चिकटलेली होती. ती खरडायचा मी कंटाळा केला. घर रंगवून उरलेला बदामी डिस्टेंपर होता, त्याचे दोन हात लेबलांवरूनच मारले आणि वर पांढरी पानंफुलं काढली. सगळ्या कॅना भिंतीशी ओळीनं मांडल्या तेव्हा कोणती चाचांची आणि कोणती ह्यांची, हे मलाही सांगता आलं नसतं. मी तर त्यांचे फोटो काढत होते.

हळदीकुंकवाला चौदा जणी आल्या. पंधरावी माहेरी गेली होती, तिची कॅन माझ्याकडेच राहिली. बोटभर उंच सांभार पाहून बायका हरखल्या. समोरच्या घरातल्या सुनेला तेव्हा आठवा महिना सुरू होता. तिनं सगळ्यांत दाट सांभाराची कॅन उचलली आणि म्हणाली, "काकू, मले सध्या हिरवंच खावंसं वाटते." मी म्हटलं, "खाय वं पोरी, रोज तोडून खाय. इकतचं थोडीच हाये, घरचं हाये."

आठ-दहा दिवसांनी सकाळी मी गच्चीवर त्या उरलेल्या कॅनला पाणी घालत होते. डिस्टेंपर भिंतीसाठी असतो, प्लास्टिकवर तो टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ओलीनं रंगाचा एक पापुद्रा सुटला आणि खाली लाल तिकोन दिसला. त्याच्या वर कवटीचं चित्र.

आमच्या जिल्ह्यात हे चिन्ह ओळखायला शिकलेलं असावं लागत नाही. कपाशीवर फवारायच्या औषधाची कॅन होती ती. मी खाली बसले, मग उठले, आणि पहिला राग काढला चाचांवर. फोन लावून नाही नाही ते बोलले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, फवारणीची कॅन मी दुकानात घेतच नाई. माह्या घरीबी लेकरं हायेत. जरा घरात इचारून पाहा."

घरात विचारायची गरजच पडली नाही. हे गच्चीच्या दाराशी उभे होते आणि त्यांचा चेहराच सांगत होता.

"वावरातल्या खोपटातून आणल्या होत्या," ते म्हणाले. "तीनदा धुतल्या मी. राख लावून धुतल्या."

"मले सांगाचं नाही?"

"तू इचारलंच कुठी? आन आपून थ्याच कॅनांत पानी नेत नाही काय न्हाणीत? आजवर काही झालं काय?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच संताप आला. रिकामी झालेली औषधाची कॅन आमच्याकडे कोणी टाकत नाही. ती धुतात आणि तिच्यात डिझेल भरतात, पाणी नेतात, पूर्वी कोणी रॉकेल ठेवायचे. माझ्याही न्हाणीत अशी एक होती आणि मी ती रोज हातात धरत होते. त्याचं वाईट वाटायला मला समोरच्या सुनेचं पोट डोळ्यांपुढे यावं लागलं.

तीनपैकी एक सापडली होती. म्हणजे उरलेल्या दोन त्या चौदा घरांत कुठेतरी होत्या. मी पायात चपला नाही घातल्या, तशीच समोर धावले.

सुनेच्या सासूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कॅन कोपऱ्यात उन्हात होती आणि तिच्यातला निम्मा सांभार कापलेला. खरं बोलायची हिंमत होईना. मी म्हटलं, "वयनी, ह्या कॅनचा रंग बराबर लागला नाही. हे मले द्या, दुसरी आणून देतो."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "दिलेलं वाण कोनी वापस मांगते काय? आन तेबी पोटुशा बाईच्या हातचं? काही तरी रीतभात हाये का नाही?"

त्या खरोखरच दुखावल्या होत्या. तेवढ्यात सून बाहेर आली, एक हात कमरेवर ठेवून, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं काकू? रडून काहून राह्यल्या?"

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. लेबलं खरडली नाहीत हे, ह्यांना विचारलं नाही हे, आणि चाचांना शिव्या दिल्या हेही. सून आत गेली आणि भाकरी उलटायचा सराटा घेऊन आली. तो माझ्या हातात देत म्हणाली, "खरडा. पाहू काय निंगते थे."

मी खरडायला लागले. सासूबाईंनी कॅन दोन्ही हातांनी धरून ठेवली. बदामी रंगाखालून आधी पिवळं आलं. पिवळं पाहून मी थांबले, कारण औषधांवर पिवळा तिकोनही असतो. सासूबाई म्हणाल्या, "थांबू नोका." अजून दोन बोटं खरडल्यावर शेंगेचं चित्र आलं, आणि त्याखाली अक्षरं, रिफाइंड सोयाबीन तेल.

मी तिथेच भुईवर बसले आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. इतकं हलकं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. सासूबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग मला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि त्या शिव्या मला फार गोड लागल्या. सून तर हसत सुटली होती. "काकू, एवढ्याशासाठी! थांबा, पानी आणतो तुमाले."

उरलेली घरं मी आणि हे मिळून फिरलो. प्रत्येक दारात मी वाण परत मागून सराट्यानं खरडत होते आणि ह्यांना मागे मान खाली घालून उभं राहावं लागत होतं. ते मी मुद्दाम केलं. राहिलेल्या दोन लाल तिकोनवाल्यांपैकी पहिली कॅन बाजारपेठेजवळच्या एका मैत्रिणीकडे निघाली. तिनं त्या कॅनला पहिल्या दिवसापासून पाणीच घातलं नव्हतं, माती फुटून भेगा पडल्या होत्या. तिच्या आळसाला मी आजवर खूप नावं ठेवली आहेत, त्या दिवशी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. दुसरी कॅन शोकेसमध्ये टीव्हीशेजारी होती. घरमालकीण म्हणाली, इतकी सुंदर वस्तू, तोडायला मन होईना, म्हणून नुसती पाहत बसते. आतला सांभार पिवळा पडून आडवा झाला होता. तिला मी मिठीच मारली, ती भांबावून गेली.

तिन्ही कॅना ह्यांनी पहारीनं फोडल्या, पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून. न्हाणीतली चौथीही मीच आणून दिली. चाचांच्या दुकानात जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "गुस्सा तर बराबर होता बाई, पत्ता चुकला." सासूबाईंनी सुनेला डॉक्टरीणबाईंकडेही नेऊन आणलं. सगळं ठीक होतं. मग मलाही जेवण जाऊ लागलं, आणि ह्यांच्याशी बोलणंही दोन दिवसांनी सुरू झालं.

फेब्रुवारीच्या शेवटी सुनेला दवाखान्यात नेलं आणि सकाळी निरोप आला. मी डब्यात गरम शिरा घेऊन गेले. सासूबाई चहाला खाली गेल्या होत्या. सून पडून होती आणि कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मी डबा टेबलावर ठेवला, तिचं कसं आहे हेही न विचारता बाळापाशी गेले आणि दुपट्याची गाठ सोडली. एका हाताची पाच बोटं. दुसऱ्या हाताची पाच. मग पायांकडे वळले. मुलगा की मुलगी, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मान वर केली तर सून माझ्याकडेच पाहत होती. मी ओशाळून दुपटं पुन्हा गुंडाळू लागले.

"राहू द्या काकू, मोजा," ती हळूच म्हणाली. "मीबी पयले थेच मोजले."