माझ्याच फाईलचा सत्कार

बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो दाराएवढा होता आणि माझा लिंबाएवढा. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या संस्थेची कन्या निघाली जर्मनीला, हार्दिक अभिनंदन’. मी त्या संस्थेची कन्या नव्हते. राहणारी पुसदची, शिकले यवतमाळला, आणि संस्थेच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून मला पाच आठवडेही झाले नव्हते. माझा फोटो त्यांनी नोकरीच्या अर्जावरून उचलला होता. कोपऱ्यातली स्टेपलरची खूणसुद्धा तशीच छापली होती. तो फ्लेक्स आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तो माणूस त्याचाही फ्लेक्स करेल.

नोकरी मला बाबांनी लावून दिली होती. बाबा पुसद डेपोला एसटी ड्रायव्हर. मी नर्सिंगची डिग्री घेतली, मोबाइलवर क्लास लावून दीड वर्ष जर्मन शिकले, परीक्षा पास झाले. तिकडच्या एका हॉस्पिटलने व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि कळवतो म्हणून सांगितलं. मग सात महिने काही कळवलंच नाही. आळीतल्या बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, “काय वं, तुही जर्मनी कुठवर आली?” मी आत निघून जायचे आणि भांड्यांवर राग काढायचे.

शेवटी बाबांनी अध्यक्षांकडे शब्द टाकला. ओळख म्हणाल तर एवढीच, की अध्यक्षांच्या पुतण्याच्या लग्नाची वऱ्हाडाची एसटी बाबांनी नेली होती. बाबांनी आयुष्यात कुणापुढे शब्द टाकला नव्हता. रजेसाठीसुद्धा ते साहेबांच्या केबिनबाहेर तासभर उभे राहत, पण दार ढकलत नसत. माझ्यासाठी त्यांनी ते केलं. जर्मनीचं मी संस्थेत कुणाला सांगितलं नाही. माझाच त्यावरचा विश्वास उडाला होता, हे खरं. पण सांगितलं नाही, हेही खरं.

पहिल्या दिवशी ऑफिसातले बाबू म्हणाले, “ओरिजिनल जमा करा, मॅडम.”

“झेरॉक्स आणली ना.”

“झेरॉक्स त रद्दीवालाही ठेवते. ओरिजिनल द्या.”

दहावी, बारावी, चारही वर्षांच्या मार्कशीट, डिग्री, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. सगळं एका निळ्या फाईलमध्ये लावलेलं होतं. मी पावती मागितली. “पावती कायची? घरचीच संस्था आहे,” म्हणत बाबूंनी फाईल लोखंडी कपाटात टाकली. त्या कपाटाची चावी अध्यक्षांच्या जुडग्यात असते, हे मला नंतर कळलं. फाईल मी माझ्या हाताने दिली. कुणी हिसकावली नाही. शिकलेली पोरगी, तीन भाषा येणारी, आणि बाबूने हात पुढे केल्यावर मी हात पुढे केला. तिथे सगळेच देतात, म्हणून मीही दिली.

वॉर्डात माझ्यासोबत ढाणकीची एक सिस्टर होती. चार वर्षं तिथेच होती. तिला सलाईन लावताना बघून मी पहिल्यांदा शिकले की पेशंटच्या हातावर आधी आपला हात नुसता ठेवून थांबायचं असतं. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. एकदा बाटली बदलता बदलता ती म्हणाली, “तुही फाईल दुसऱ्या कप्प्यात ठेवली त्यायनं. माह्या फाईलीवर.”

“तुमची अजून तिथंच आहे?”

“मंग कुठं जाईन? जिल्हा परिषदेच्या भरतीत नंबर लागलता माहा. कागद तपासणीले ओरिजिनल पाह्यजे होते. भाऊ तिरुपतीले गेलते, चावी त्यायच्या खिशात.”

“मग?”

“मंग काय? तारीख निघून गेली.”

अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. तिच्या आवाजात राग नव्हता, याचाच मला जास्त राग आला. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती हसली आणि पुढच्या कॉटकडे गेली.

तेविसाव्या दिवशी, एका सोमवारी, ड्रेसिंगच्या खोलीत मोबाइलवर मेल आला. नोकरीचा करार आला होता. पंधरा दिवसांनी, मंगळवारी, मुंबईत व्हिसाची मुलाखत होती आणि सगळे मूळ कागद घेऊन या म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी बँडेजचा रोल हातात तसाच धरून खाली बसले. आनंदाने रडायला आलं. दोन मिनिटं आलं असेल, मग कपाट आठवलं.

अध्यक्षांच्या केबिनमध्ये मी आधी माफी मागितली. मुंबईला जाऊन येते, मग महिनाभर ड्युटी करते, नवीन सिस्टर आली तर तिला काम दाखवते, फक्त कागद द्या, असं सगळं पाठ करून गेले होते. त्यांनी ते ऐकून घेतलं.

“तेवीस दिवस?” ते म्हणाले. “अवं, आमच्याकडं पाहुणाही यापेक्षा जास्त राहाते.”

इथवर त्यांचं चुकलं म्हणणार नाही. महिना भरायच्या आत सोडून जाणारीचा राग येणारच. पण मग ते म्हणाले, “कागद दोन वर्षांनी.”

“असं कुठं लिहिलं आहे?”

“तुह्या बापाले विचार.” आणि त्यांनी माझ्यासमोर बाबांना फोन लावला, स्पीकरवर. बाबा डेपोत होते. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. अध्यक्षांनी मी कशी नमकहराम निघाले ते सांगितलं. मी वाट बघत होते, की बाबा म्हणतील, माझ्या पोरीचे कागद तिला द्या. बाबा म्हणाले, “भाऊ, लेकरू आहे. मी समजावतो तिले. भाऊ, तुमी रागावू नोका.” एका फोनमध्ये पाच-सहा वेळा भाऊ. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसत होते.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. “मी दोन वर्षांचा शब्द देल्लता, माय,” एवढंच म्हणाले.

“तुमचा शब्द माह्या डिग्रीपेक्षा मोठा आहे का?” मी विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढचे आठ दिवस मी ऑफिसचा उंबरा झिजवला. आज भाऊ नागपूरले गेले. आज भाऊ मिटिंगमध्ये आहेत. आज भाऊ हायेत, पण चावी गाडीत राह्यली अन् गाडी सर्व्हिसिंगले गेली. बाबू हे सांगताना वर बघायचेही नाहीत. मी ड्युटी करत होते, इंजेक्शनं देत होते, पेशंटना गोड बोलत होते, आणि आतून खदखदत होते.

सुटका झाली ती माझ्या मावसभावामुळे, आणि तीही कशी! त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी टाकली. ती फिरत फिरत तालुक्याच्या वार्ताहराकडे गेली आणि बुधवारी पेपरात आली, तालुक्यातील परिचारिका जर्मनीला म्हणून. त्याच सकाळी अध्यक्षांनी वॉर्डात पेढ्यांचा डबा पाठवला. संस्थेच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस होते. नमकहराम पोरगी एका रात्रीत संस्थेची कन्या झाली. शुक्रवारी फ्लेक्स लागला आणि रविवारी सत्कार ठरला.

“फाईल?” मी बाबूंना विचारलं.

“स्टेजवर देणार हायेत. सन्मानानं,” बाबू म्हणाले.

म्हणजे माझेच कागद मला मिळावेत म्हणून मी शाल पांघरून घ्यायची होती.

रविवारी कॉलेजचा हॉल भरला होता. पांढऱ्या ड्रेसमधल्या शिकणाऱ्या मुली, दवाखान्याचा सगळा स्टाफ, गावातली चार मोठी माणसं. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि वरच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात लायसन. सुट्टीच्या दिवशीही ते लायसन अंगावरून काढत नाहीत. अध्यक्षांनी भाषण केलं. या पोरीला आम्ही घडवलं, म्हणाले. तेवीस दिवसांत! टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या. मला उठून निघून जावंसं वाटलं. मग शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग सोनेरी कागदात गुंडाळून, लाल रिबीन बांधून माझी फाईल आली. फोटोसाठी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मीही धरली. फोटोत दोघंही ओढतोय असं दिसतं, आणि ते बरोबरच आहे.

“दोन शब्द बोल,” म्हणून त्यांनी माईक दिला.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी माईक टेबलावर ठेवला, रिबीन सोडली, सोनेरी कागद टराटरा फाडला आणि फाईल उघडली. मग माईक उचलला.

“दहावीची मार्कशीट. आहे.”

हॉलमध्ये हसू फुटलं. गंमत करतेय असं वाटलं असेल.

“बारावीची मार्कशीट. आहे. पहिलं वर्ष. आहे. दुसरं वर्ष. आहे.”

हसू कमी होत गेलं. डिग्री आहे म्हणेपर्यंत कुणी हसत नव्हतं. शेवटच्या कप्प्यात हात घातला तर तो रिकामा होता. पुन्हा सगळं चाळलं.

“कौन्सिलचं रजिस्ट्रेशन,” मी म्हटलं. “नाही.”

तो एक कागद नसेल तर मी जगात कुठेच नर्स नाही. तो मुद्दाम काढला होता की कपाटातच घसरला होता, हे मला आजही माहीत नाही. मला विचाराल तर मुद्दामच.

“असन ऑफिसात. नंतर घेजो,” अध्यक्ष हसत म्हणाले.

“मी थांबते,” मी माईकवर म्हटलं, आणि तशीच उभी राहिले. खांद्यावर शाल, पायाशी फाटका सोनेरी कागद. कुणी टाळी वाजवेना, कुणी उठेना. मंगळवार परवावर आला होता आणि मला आता कशाचीच भीती उरली नव्हती. शेवटी अध्यक्षांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि बाबूंकडे दिला. ऑफिस हॉलला लागूनच होतं. कपाटाचं दार करकरलं ते सगळ्यांना ऐकू आलं. बाबू कागद घेऊन आले. मी तो उजेडात धरून नाव वाचलं, नंबर वाचला, आणि म्हटलं, “आहे.” मग खाली बसले. टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात.

दुपारच्या एसटीने मी आणि बाबा पुसदला निघालो. फाईल मी मांडीवर घट्ट धरली होती. बाबा प्रवासी म्हणून बसले तरी वळण आलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो, तसा दाबत होते. मी शाबासकीची वाट बघत होते. खरं सांगते, त्या फोनबद्दल त्यांनी दोन शब्द बोलावेत याचीही वाट बघत होते.

“त्या कपाटात अजून किती फाइली हायेत?” बाबांनी विचारलं.

“असतील पन्नासेक.”

“तिसऱ्या लायनीत एक सिस्टर होती. तू मोजत होती तवा रडून राह्यलती.”

“ढाणकीची. माह्यासोबत ड्युटीले होती.”

“तिची फाईल?”

“आतच आहे.”

पुढचा स्टॉप येऊन गेला. दोन बाया उतरल्या. मग बाबा म्हणाले, “मंग कपाट उघडलतं तवा तिचीही काहून नाही मागतली?”

माझं डोकंच फिरलं. “तुमी फोनवर भाऊ भाऊ करून राह्यलते, अन् मले विचारता?” मी एवढ्या जोरात बोलले की कंडक्टरने मागे वळून बघितलं. बाबांच्या सोबत काम केलेला कंडक्टर होता तो. बाबांनी मान खाली घातली नाही. खिशावरून हात फिरवला, लायसन आहे ना बघतात तसा.

“मी भेलतो,” ते म्हणाले. “तू त भेली नोहती ना.”

पुसद येईपर्यंत मी फाईलमधले कागद पुन्हा पुन्हा मोजत बसले.

मुंबईची मुलाखत झाली, व्हिसा आला, मी इकडे आले. इथल्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाईने माझी निळी फाईल घेतली, मशीनवर एकेक कागद फिरवला आणि फाईल परत माझ्या हातात दिली. उभ्या उभ्या, चार मिनिटांत. मला इतका संताप आला की ती बाई घाबरली. काही चुकलं का, तिने विचारलं. चुकलं होतं, पण तिचं नाही.

मागच्या आठवड्यात ढाणकीच्या सिस्टरचा मेसेज आला. ‘तुझ्या जागी नवीन पोरगी आली. चांगली आहे कामाला. फाईल जमा केली आज.’ पुढे हसरा चेहरा टाकला होता.

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. अध्यक्षांना शिव्या घातल्या, बाबूंना घातल्या, सगळ्या गावाला घातल्या. त्या लिहायला मला काही जड जात नाही, हा सगळा मजकूर शिव्यांचाच आहे. पण त्या रविवारी कपाट उघडं होतं, हॉलमध्ये सगळे गप्प होते, ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि माईक माझ्या हातात होता.