वीतभर बर्फ

देवपुजारी दुकानात कुठलीही वस्तू उभ्याने बघत नसे. अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात तो काउंटरपुढे चक्क गुडघे टेकून बसला, हातांत जाड लोकरी मोजे चढवले आणि तसल्या हातांनी यंत्रांची बटणं फिरवू लागला. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला आणि मी छताकडे.

"अरे, उठ की आता!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"यूझर कोण आहे? सात वर्षांची पोरगी," तो खालूनच म्हणाला. "तिला इथून दिसते, अन् बर्फावर तिला मोजे काढता येत नाही. मग टेस्ट काय तुझ्या उंचीवरून करू?"

मुकुंद देवपुजारी नागपूरचा, माझ्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. दोन हजार तीन-चारच्या सुमारास आम्ही एकाच अपार्टमेंटमध्ये राहत होतो. हिवाळ्यात तळी गोठली की इथले लोक बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसतात, हे बघून तो खुळावला आणि दर शनिवारी माझ्या मुलीला, मिनीला, आणि मला घेऊन तळ्यावर जाऊ लागला. गडी पक्का शाकाहारी. दोरीला कणकेची गोळी बांधायचा, गळ लावायचाच नाही. मासे यायचे, जेवायचे, जायचे. मी रत्नागिरीचा, माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. "ही मासेमारी नाही, अन्नछत्र आहे," असं मी चिडून म्हटलं, की त्याचं उत्तर ठरलेलं: "घाई कोणाला आहे बे? मासे कुठे ऑफिसला चालले?"

हा सगळा खटाटोप ओवीसाठी होता. ओवी त्याची मुलगी, मिनीच्याच वयाची. ती आणि तिची आई नागपुरात व्हिसाची वाट बघत होत्या. कॉलिंग कार्डावरून बोलताना त्याने तिला सांगितलं होतं, की इथे पाण्यावरून चालता येतं. "खोटं!" म्हणून ती खिदळायची. पण तारीख पुढे पुढे जात राहिली, 'पुढच्या महिन्यात नक्की' असं तो सांगत राहिला, आणि एक दिवस डबा तसाच ठेवून तो मला म्हणाला, "आता 'बाबा, तुम्ही खोटं बोलता' म्हणताना ती हसत नाही यार." ती आली की तिला बर्फावर उभी करायची आणि खालचे मासे दाखवायचे, एवढंच मग त्याने मनात धरलं.

दुकानदाराने आग्रहाने गोल तबकडीचं यंत्र पुढे केलं. पाण्यात आवाज सोडून ते माशाचा माग काढतं आणि तबकडीवर रंगीत रेघ पेटते. मुरलेले मासेमार हेच घेतात म्हणे. देवपुजारीने मिनीला पुढे बसवलं.

"व्हेअर इज द फिश, काका?"

दुकानदाराने लाल रेघ दाखवली. "दॅट्स जस्ट अ लाइन," मिनी म्हणाली.

"फेल," देवपुजारीने जाहीर केलं आणि शेवटी लांब वायरीचा, पाण्यात सोडायचा कॅमेरा घेतला. त्याला छोटा टीव्ही जोडलेला होता. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून तिच्यावर त्याने ओवीची तान्हेपणची कानटोपी चढवली. ती टोपी तो नागपुराहून बॅगेत घेऊन आला होता, का ते मी कधी विचारलं नाही.

ते शनिवार आठवले की अजून मला झोपेतून अर्धवट जागं झाल्यासारखं होतं. सगळीकडे पांढरं. आभाळ कुठे संपलं आणि तळं कुठे सुरू झालं कळू नये. पडद्यावर करडं पाणी, त्यात शेवाळ सावकाश डुलतंय, आणि मधूनच एखादा मासा येऊन आमच्याकडे टक लावून बघतोय. मिनी त्याला हात हलवून टाटा करायची. थर्मासमधून ओतलेला चहा कपातच निवून जायचा. मला तर मासे खायचे असतात याचाही विसर पडायचा.

पण मिनीला बर्फावर नेण्याआधी देवपुजारी स्वतः भोक पाडून बर्फाची जाडी हाताने मोजायचा. वीतभर भरली तरच परवानगी. "एवढं लागत नाही," असं दुकानदारसुद्धा म्हणाला होता. "माझ्या टेस्टमध्ये लागते," देवपुजारी म्हणाला.

ओवी आली ती मार्चमध्ये. येताच दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तळ्यावर गेलो. तळं अजून पांढरं होतं, पण काठालगत बर्फ सुटून पाण्याची पट्टी झाली होती. तिच्यावर फळी टाकून काही लोक आत जाऊन निवांत बसले होते. देवपुजारी एकटाच फळीवरून आत गेला, वाकला, भोकात हात घालून बराच वेळ तसाच राहिला आणि परत आला.

"नाही भरत."

"ते लोक बसलेत की!" मीच म्हणालो. खरंच, थोडाच फरक होता.

"टेस्ट फेल झाली, तर रिलीज नाही."

ओवीने त्या लोकांकडे पाहिलं, मग बापाकडे. "तुम्ही खोटंच बोलता," ती म्हणाली आणि रडायला लागली. देवपुजारीचा चेहरा मला बघवेना. वर्षभर ज्या शब्दाला तो भ्यायला होता, तो त्याने काठावर उभं राहून ऐकून घेतला, पण पाऊल काही पुढे टाकलं नाही.

मग त्याने काठावरच्या लाकडी धक्क्याच्या टोकाला बसून कॅमेरा पाण्याच्या पट्टीत सोडला आणि वायर फिरवून त्याचं तोंड बर्फाखाली वळवलं. ओवी पाठ फिरवून उभी होती. तिला बॅटरी दिसली. "ही माझी टोपी आहे!" म्हणत ती खाली बसली आणि पडदा तिच्या डोळ्यांसमोर आला. बर्फाच्या पोटातून दुधासारखा उजेड झिरपत होता आणि त्याखालून मासे चालले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "यांना वर छप्पर आहे."

पुढचा बर्फ धरण्याआधीच प्रोजेक्ट संपलं आणि ती मंडळी नागपूरला परतली. ओवीचं पाऊल बर्फावर कधी पडलंच नाही. जाताना देवपुजारीने कॅमेरा मिनीला दिला. टोपी मात्र काढून घेतली.

काही वर्षांनी मी फोन केला तो ओवीने उचलला. मी ओळख दिली. मागे कुणी मैत्रीण असावी, कारण रिसीव्हर बाजूला करून ती मोठ्या तोऱ्यात तिला सांगत होती, "अगं, अमेरिकेचे काका! सगळे बर्फावर जाऊन बसले होते, माझ्या बाबांनी मला जाऊ दिलं नाही!"