तीन वाट्या पिठाला पाणी

"टाक चारच. बिघडलं तर बिघडू दे," आई म्हणाली.

मी पाण्याची बाटली भरायला निघाले होते, ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. आईच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

ओट्याशी स्टुलावर माझी भाची उभी होती, दादाची मुलगी, हिंदीतच वाढलेली. चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, करणं चाललं होतं. दोन वाट्या तांदळाच्या पिठाला तीन वाट्या पाणी, हे आईने तिला सांगून ठेवलेलं. आज पीठ तीन वाट्या होतं आणि भाचीने उत्तर काढलं होतं चार. साडेचार, मी मनात म्हटलं. आईला तर कळत होतंच. जन्मभर शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली होती. तरी ती हाताची घडी घालून नुसती उभी.

पीठ घट्ट झालं. तव्यावर पसरेना, आणि उलटताना चीला मधोमध फाटला.

"आजी, ये तो फैल ही नहीं रहा."

"काहून पसरून नाही राहिला? पाह्य बरं."

पोट्टीने वाटीकडे बघत बोटं हलवली. "एक कटोरी को डेढ़... तो आधी कटोरी पानी और."

"हव," आई म्हणाली आणि तो फाटका चीला तिने स्वतःच चटणीशी खाऊन टाकला.

माझ्या वेळी आई शाळेतून दमून यायची. माझी पेन्सिल चुकीच्या आकड्याकडे वळली रे वळली, की वरून तिचा हात यायचा. "सरक, मले दे." उत्तर बरोबर यायचं, पण ते तिचं असायचं. पोळीचंही तेच. नकाशा व्हायच्या आत लाटणं तिच्या हातात.

स्टुलावर चढल्याशिवाय ओटा न दिसणाऱ्या मुलीचा मला हेवा वाटत होता. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून नळाशी उगाच बाटली विसळत राहिले.

"आत्या, अब आप बनाओ ना," भाचीने पळी पुढे केली.

मी पीठ ओतलं. हात आखडला, एक कड जाडच राहिली. मागून आईचा हात पळीकडे आलाच.

"सरक, मले दे."

मी पळी सोडली नाही.

"माझाही बिघडू दे ना, आई."