स्वयंपाकघरात थांबलेला सभासद

मंडळीच्या सभासदांची यादी नीट करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा यादीत एकसष्ट नावं होती आणि त्यातली चार माणसं वारलेली होती. म्हणजे सत्तावन्न. जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्यात माझी अठरा वर्षं गेली. चार वारलेली माणसं यादीत हजर आहेत हे मला सहन होत नाही. आमच्या अध्यक्षबाईंनी हे ओळखूनच काम माझ्या गळ्यात घातलं असावं.

मंडळी, म्हणजे आमचं इथलं चर्च, मेनोनाइट पंथाची आहे. ऱ्हाइनच्या पलीकडे द्राक्षमळ्यांमधल्या एका गावात तिचं साधं उपासनागृह आहे, मनोरा नाही, घंटा नाही. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. तिकडे आमच्या चर्चवर बिशप, त्याखाली पाळकसाहेब, मग पंच, आणि सगळ्यांत खाली सतरंजीवर आम्ही. इथे वर कोणीच नाही. छपराची कौलं कधी बदलायची, दफनभूमीचं कुंपण कोण छाटणार, पाळक म्हणून कोणाला बोलवायचं, सगळं सभासदांची सभा ठरवते. पाळकालाही एकच मत. ऐंशी वर्षांच्या आजींपासून माझ्या सतरा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे अरेतुरे. जर्मन बोलताना मीही म्हणतो. पण वडीलधाऱ्या माणसाला मराठीत 'तू' लिहायला हात उचलत नाही, म्हणून इथे 'तुम्ही'च लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी मी सभासद व्हायचं ठरवलं तेव्हा आईने नगरहून फोनवर एकच प्रश्न विचारला होता. "तिथले लोक पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावतील का रे?" हे लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता झाला, स्वतःहून मागायला आला, की देतात. मला तर माझ्या आजोबांनीच, ते पाळक होते, चाळीस दिवसांचा असताना दिला होता. तो इथे धरणार नाहीत आणि तिकडे आजोबांचा अपमान होणार, अशी आईची धास्ती. पण या मंडळीने सांगितलं, दुसऱ्या चर्चमधून आलेल्याने सगळ्यांसमोर आपल्या विश्वासाची साक्ष द्यावी, तेवढं पुरे.

मी साक्ष दिली. मग रीतीप्रमाणे मला बाहेर जायला सांगितलं. ज्याच्याविषयी ठरवायचं तो माणूस सभेत बसत नाही, मागच्या स्वयंपाकघरात थांबतो. तिथे नुसतं उभं राहवेना म्हणून मी फडकं घेऊन कॉफीचे कप पुसायला लागलो. बेचाळीस कप पुसून झाले तेव्हा दार उघडलं. मंडळीच्या तेव्हाच्या वडिलांनी, म्हणजे एल्डरांनी, माझा हात हातात घेतला, म्हणाले, "ये भाऊ." मी आत गेलो, केक खाल्ला, आणि तेव्हापासून प्रत्येक सभेत मत देत आलो.

यादीचं काम करताना प्रत्येक नावापुढे प्रवेशाची तारीख लिहायची होती. सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या अध्यक्षबाईंनी दोन खोक्यांतून दिल्या होत्या. शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर त्या मांडल्या आणि सुरुवात स्वतःपासून केली, कारण माझी तारीख मला पाठ होती. त्या दिवसाचं इतिवृत्त सापडलं. बारीक, टोकदार अक्षर. छपराच्या उत्तरेकडच्या बाजूबद्दल अर्धं पान. दफनभूमीच्या कुंपणाबद्दल आठ ओळी. कॉफीचं यंत्र गळतं, एक ओळ. माझं नाव कुठेच नव्हतं.

पान उलटून पाहिलं. पुढची सभा, मागची सभा पाहिली. नाही.

बायको माझ्यानंतर दोन वर्षांनी सभासद झाली. तेव्हा इतिवृत्त लिहिणारे चिटणीस बदलले होते. तिची नोंद ठळक होती, 'एकमताने'.

"म्हणजे घरात सभासद मी एकटीच," ती म्हणाली. "अहो, मग तुम्ही अकरा वर्षं काय पाहुणे म्हणून मत देत होतात?"

"थट्टा करू नकोस. मागच्या पानझडीतलं मतदान आठव."

मागच्या पानझडीत आमच्या पाळकबाईंना दुसऱ्या मुदतीसाठी बोलवायचं की नाही यावर मतदान झालं होतं. त्यासाठी आमच्या नियमात दोन तृतीयांश मतं लागतात. मतं मोजायला मीच होतो. एकोणचाळीस कागद, सव्वीस होकार, तेरा नकार. बरोबर दोन तृतीयांश, एकही जास्त नाही. माझा होकार काढला तर अडतीसपैकी पंचवीस राहतात, आणि अडतीसला सव्वीस लागतात. म्हणजे पाळकबाईंचं बोलावणं रद्द. त्यांनी त्या मतदानाच्या भरवशावर गावात घर घेतलं होतं. आणि पेंटेकॉस्टच्या सणाला माझ्या मुलीचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातून व्हायचा होता. वर्षभर ती दर मंगळवारी त्यांच्याकडे शिकायला जात होती.

मुलीला सांगितलं तर तिने मोबाइलवरून मान वर केली. "पापा, दास मेर्क्ट दोख कायनर." म्हणजे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

"माझ्या आलं ना," मी म्हणालो.

दुपारी दफनभूमीची साफसफाई होती. अध्यक्षबाई, निवृत्त गणिताच्या शिक्षिका, कुंपणाची कात्री घेऊन उभ्या होत्या. मी वही दाखवली, आकडे सांगितले. त्यांनी मनातल्या मनात अडतीसचे दोन तृतीयांश काढले आणि मान हलवली.

"त्या दिवशी तुम्ही होतात," मी म्हणालो. "मी स्वयंपाकघरात असताना आत काय झालं?"

"तुझी साक्ष आठवते. तुझे आजोबा सायकलवरून तीन गावांना उपासना घ्यायला जायचे. केकही आठवतो, आलुबुखाराचा होता. पण प्रश्न रीतसर विचारला गेला का, ते आठवत नाही."

"ज्यांनी माझा हात धरला ते वडील?"

"ते तुझ्या चारपैकी एक," त्या म्हणाल्या. म्हणजे वारलेल्यांपैकी.

"तुम्ही शपथेवर काहीच सांगू शकत नाही?"

"शपथ आम्ही मेनोनाइट घेतच नाही. अकरा वर्षांत एवढं तरी कळायला हवं होतं." मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांसमोर ठेवायचं. दोन आठवड्यांनी सभा आहे, तीत तू सांग. पाळकबाईंना मी आजच सांगते."

ते दोन आठवडे मी नीट जेवलो नाही. त्या दोन रविवारी उपासनेनंतर पाळकबाई दारात उभ्या राहून हात मिळवायच्या, तसाच माझाही मिळवला, नेहमीएवढाच वेळ. त्यामुळे जास्तच लागलं. मुलगी मंगळवारी तिकडून आली की मी विचारायचो, काही बोलल्या का? "नाइन, पापा," म्हणजे नाही, एवढंच.

सभेच्या दिवशी एक्केचाळीस जण होते. मी उभा राहिलो आणि कागदावरून वाचलं: तारीख, वहीत काय आहे, काय नाही, मतदानाचे आकडे, माझं मत धरून आणि न धरता. शेवटी म्हणालो की मी सभासद नसेन तर मला माफ करावं, आणि पाळकबाईंवर माझ्यामुळे अन्याय होऊ नये. अध्यक्षबाई म्हणाल्या, "रीत सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्याविषयी आहे त्या दोघांनी बाहेर थांबावं."

म्हणून पुन्हा तेच स्वयंपाकघर, आणि या वेळी मी आणि पाळकबाई. त्यांनी बाह्या सरसावून नळ सोडला. मी फडकं घेतलं. सात कप झाले.

"तू एक चूक केलीस," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या.

"अकरा वर्षं केली."

"ती नाही. मतदान गुप्त होतं. तू मला होकार दिलास हे आता तू सगळ्या सभेला सांगितलंस."

हे माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. मी तसं कबूल केलं. त्या हसल्या. "आता ते तेरा कोण, हे मी शोधत बसते. गाणी म्हणताना कोण पुस्तकात तोंड लपवतं ते बघते."

"घराचं काय कराल?" मी विचारलं.

त्यांनी कप खळबळून माझ्या हातात दिला. "वरच्या मजल्याला रंग देणं थांबवलंय," त्या म्हणाल्या. "बाकी अजून नवऱ्याशीही बोलले नाही." आतून कधी एक आवाज यायचा, कधी खुर्ची सरकायची. मग एकाएकी मोठं हसू. पाळकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तेविसावा कप ठेवला. दार उघडलं.

आत समोरच्या खुर्चीवर जुने चिटणीस बसले होते. वय एक्क्याण्णव, पूर्वी दुधाचा धंदा, आता कानाला यंत्र. ते सभेला क्वचितच येतात. अध्यक्षबाईंनी त्यांना मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं, आम्ही बाहेर असताना ते पोचले होते. मला पाहून त्यांनी त्यांची ती वही वर धरली.

"हा मुलगा का?" त्यांनी विचारलं. मी बावन्न वर्षांचा आहे.

"हाच," अध्यक्षबाई मोठ्याने म्हणाल्या. "यालाही सांगा."

"आल्झो, तर," ते म्हणाले. "नियम काय आहे? सभेला विचारायचं, कोणाची हरकत आहे का? कोणी काही बोललं नाही तर माणूस आत. बरोबर? आता कोणी काहीच बोललं नाही, तर मी लिहू काय? न बोललेलं कसं लिहायचं? छपराबद्दल लोक बोलले, ते मी लिहिलं. तुझ्याबद्दल कोणी बोललं असतं तर तेही लिहिलं असतं."

"नऊ वर्षं यांनी चिटणीसपद सांभाळलं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि नऊ वर्षांत एकाही प्रवेशाची नोंद नाही. आम्ही आत्ता सगळी वही पाहिली. चौकशी केली असतीस तर तुलाही दिसलं असतं."

"एक आहे," म्हातारबाबा म्हणाले.

"हो, एक आहे." अध्यक्षबाईंनी वही घेऊन पान काढलं आणि वाचलं. 'एका भगिनीची हरकत: उमेदवार प्रवचनात झोपतो. उमेदवाराची पत्नी म्हणते, तो डोळे मिटून ऐकतो. हरकत मागे.' सगळ्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथला सुतार हात वर करून म्हणाला, "गेनाऊ, अगदी तसंच. डोळे मिटून."

मला हसू यायला थोडा वेळ लागला. कामावर एका नमुन्यावरून कोणी निष्कर्ष काढला तर मी अहवाल परत पाठवतो. इथे मी स्वतःची एक नोंद पाहिली, घाबरलो आणि वही मिटली. पुढची आठ पानं उलटली असती तर दोन आठवडे जेवलो असतो. पाळकबाईंच्या वरच्या मजल्याला रंगही लागला असता.

"त्या नऊ वर्षांत आलेले आजच्या सभेत नऊ जण आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मीही त्यातलीच. रीतीने आम्ही सगळ्यांनीच बाहेर जायला हवं. स्वयंपाकघरात तेवढी जागा नाही, आणि मी गेले तर सभा कोण घेणार?"

नऊ जण वजा केले तर एकोणचाळीसपैकी किती उरतात आणि त्यातले होकार किती, हे माझ्या डोक्यात सुरू झालं होतं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं.

"हिशेब करू नकोस," त्या म्हणाल्या. "मी आता एकदाच विचारते, या नऊ जणांबद्दल मिळून, आणि पाळकबाईंच्या बोलावण्याबद्दलही. कोणाची हरकत आहे?"

माझ्या अकरा वर्षांत मी हा प्रश्न माझ्याबद्दल विचारला जाताना ऐकला नव्हता. पहिल्यांदा मी दाराच्या पलीकडे होतो. आता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे पाहावं कळेना. तेरा नकार देणारे याच खोलीत होते, आणि ते कोण हे मला ठाऊक नव्हतं. सेकंदकाटा अकरा घरं पुढे गेला. कोणाचा तरी श्वास वाजला, बहुतेक सुताराचा. कोणी काही बोललं नाही.

"झालं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

शेजारी बायको बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन मराठीत म्हणाली, "आता पाहुण्यांनी बसायला हरकत नाही." तेव्हा कळलं की मी अजून उभाच होतो, खांद्यावर फडकं टाकून.

चहाकॉफीच्या वेळी म्हातारबाबा काठी टेकत माझ्याकडे आले. नवीन वही माझ्या हातात होती. सभेचं इतिवृत्त लिहायचं कामही अध्यक्षबाईंनी त्याच दिवशी माझ्याकडे दिलं होतं.

"आता तू हे लिहिणार," ते म्हणाले.

"हो. नऊ जणांची नावं, प्रत्येकाची तारीख, हरकत नाही."

"कागद वाया," ते म्हणाले आणि केककडे गेले.

संध्याकाळी घरी पोचल्यावर आईला फोन केला. तिकडे बरीच रात्र झाली होती, पण ती वाट पाहत जागी होती. दोन आठवड्यांपूर्वी मी तिला सगळं सांगून बसलो होतो.

"ठेवलं ना रे तुला?" तिने विचारलं.

"ठेवलं."

"पाळकबाईंना?"

"त्यांनाही. आणि पोरीचा बाप्तिस्मा ठरल्या दिवशी आहे."

"मग बरं," आई म्हणाली. "पण वहीत लिहून घे हो नीट."

मी म्हटलं, लिहिलंय. आणि खरोखर लिहिलं होतं, गाडीत बसल्याबसल्या, गाडी सुरू करायच्या आधी.